शर्यत गावातून जाणार आहे. उभं कुठे राहायचं?

आधी हिशेब करून टाकू, म्हणजे ऐन वेळी हिरमोड व्हायला नको. सपाट रस्त्यावर व्यावसायिक सायकलपटूंचा घोळका ताशी ४५ किलोमीटरने सहज जातो. सेकंदाला साडेबारा मीटर. दीडशे जण एकमेकांना खेटून चालले असतील तर घोळक्याची लांबी साधारण दोनशे मीटर. दोनशे भागिले साडेबारा म्हणजे सोळा सेकंद. मध्येच शिंक आली तर चौदा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हा हिशेब मला कोणी सांगितला नव्हता. दोन तास उन्हात उभी होते आणि घोळका आला त्या क्षणी फोन उभा धरावा की आडवा, या विचारात होते. त्या दिवसाची अकरा सेकंदांची चित्रफीत अजून माझ्याकडे आहे. तिच्यात शेजारच्या गृहस्थांचं कोपर फार छान आलंय.

पुढे बऱ्याच शर्यती अशाच कडेला उभं राहून पाहिल्या. हळूहळू लक्षात आलं, की शर्यतीबरोबर जी लांबलचक वरात चालते तिच्यात सायकलवाले थोडे आणि बाकीचा लवाजमाच जास्त. या वरातीचा क्रम ठरलेला असतो. तो ओळखता आला तर सोळा सेकंदांचे आरामात दोन-अडीच तास होतात, आणि कंटाळा येत नाही. पहिल्यांदाच जाणार असाल तर पुढचं सगळं त्यासाठी.

नकाशा बघा, मग घड्याळ

मार्ग शर्यतीच्या संकेतस्थळावर आधीच येतो. तिथे नकाशा आणि त्याखालचा चढ-उताराचा आलेख उतरवून घ्या. त्याच्याच जवळपास वेळापत्रक असतं. त्यात मार्गावरचं गाव किंवा चौक, सुरुवातीपासूनचं अंतर आणि वेळेचे बहुतेकदा तीन रकाने असतात. तीन अशासाठी, की सायकलवाले त्या दिवशी किती जोरात जाणार हे आयोजकांनाही माहीत नसतं. म्हणून ताशी ४०, ४२ आणि ४४ किलोमीटर असे तीन अंदाज धरून वेळा काढतात. सुरुवातीजवळच्या गावात या रकान्यांत मिनिटा-दोन मिनिटांचा फरक दिसतो. दीडशे किलोमीटरवर मात्र पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात वीस मिनिटं पडतात.

यातली कुठली वेळ धरायची ते वारा ठरवतो. तोंडावर वारा असेल तर सावकाशीचा रकाना. पाठीवर असेल तर सगळ्यात वेगवान रकान्याच्याही आधी शर्यत येऊन निघून जाते आणि लोक रिकाम्या रस्त्याकडे बघत बसतात. मी नेहमी सगळ्यात लवकरची वेळ धरते आणि त्याच्या पाऊण तास आधी पोचते.

मोठ्या शर्यतींपुढे जाहिरातींच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा असतो. तूर द फ्रान्समध्ये तो १९३० पासून आहे. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा हा ताफा शर्यतीच्या दोन तास आधी जातो आणि टोप्या, किल्ल्यांचे जुडगे असं काहीबाही उधळत जातो. मुलं बरोबर असतील तर ही वेळही टिपून ठेवा, कारण मुलांच्या लेखी खरा कार्यक्रम तोच. छोट्या शर्यतीत असं काही नसतं.

शर्यत तुमच्याच गावातून सुटणार असेल तर तुम्ही नशीबवान. प्रत्यक्ष शर्यत सुटते ती गावाबाहेर, ‘शून्य किलोमीटर’च्या पाटीपाशी. तोवर सगळे शर्यत संचालकांच्या गाडीमागे गप्पा मारत, हात हलवत, निवांत चाललेले असतात. गाडीतून झेंडा हलला की शर्यत सुरू. या मधल्या टप्प्यात चेहरे जितके नीट दिसतात तितके नंतर दिवसभर दिसत नाहीत. त्याच्या आधी तासभर संघांच्या बस उभ्या असतात, खेळाडू मंचावर जाऊन हजेरीची सही करतात. कुणाची स्वाक्षरी हवी असेल तर तीच वेळ.

आता रस्ताबंदी. मोठ्या शर्यतीत रस्ता काही तास आधीपासून बंद. छोट्या शर्यतीत बंदी फिरती असते: पोलिसांच्या मोटारसायकली पुढे येऊन चौक अडवतात, शर्यत जाते, मागची शेवटची गाडी गेली की चौक मोकळा. दोन्ही प्रकारांत चूक एकच होते, ती म्हणजे आपली गाडी मार्गाच्या चुकीच्या बाजूला लावणं. मी एकदा हे केलंय. शर्यत एका मोठ्या वळशाने परत त्याच रस्त्याला येणार होती आणि मी बरोबर त्या वळशाच्या पोटात अडकले. तीन तास. तेव्हा नकाशावर बोट फिरवून बघा: परत जायचा रस्ता मार्गाला कुठे छेदतो का? छेदत असेल तर गाडी पलीकडेच लावा आणि चालत या.

जागा

सगळा खेळ जागेचा आहे, म्हणून इथे थोडा वेळ घालवते.

चढ शोधा. गावात घाट नसेल, पण पुलाकडे जाणारा अर्धा किलोमीटरचा चढ तरी असेल. तो पाच किलोमीटरच्या गुळगुळीत सपाट रस्त्यापेक्षा बरा. कारण हवेत आहे. सपाटीवर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या मागे लपलं की ती ताकद साधारण एक तृतीयांशाने वाचते. भल्यामोठ्या घोळक्याच्या पोटात शिरलेल्याला तर एकट्याने जाणाऱ्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के हवा लागते, असं २०१८ साली पवनबोगद्यातल्या चाचण्या आणि संगणकावरची गणितं करून दाखवलं गेलं. म्हणून सपाटीवर कोणी घोळका सोडत नाही आणि तुम्हाला दिसतो तो रंगांचा एक सलग फराटा. चढावर वेग २० वर येतो आणि लपण्याचा फायदा बराच आटतो. मग ज्याची त्याची ताकद उघडी पडते. घोळका ताणला जातो, तुटतो, एकेक जण वेगळा होऊन समोरून जातो. सोळा सेकंदांची पाच-सात मिनिटं होतात, आणि खऱ्या घाटात अर्धा तास. कोणाचं तोंड उघडं आहे, कोण नाकाने शांत श्वास घेतोय, घामाचं मीठ कोणाच्या जर्सीवर पांढरं उमटलंय, हे सगळं हातभर अंतरावरून दिसतं.

चढाच्या पायथ्याशी मात्र उभं राहू नका. तिथे ते मागच्या वेगाच्या जोरावर येतात आणि पुढची जागा पटकावण्यासाठी धक्काबुक्की चालू असते. माथ्याच्या दोन-तीनशे मीटर अलीकडची जागा उत्तम. माथ्यावर गुणांची रेघ असेल तर पोल्का ठिपक्यांच्या, म्हणजे चढांवर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याच्या, जर्सीसाठी झगडणारे तिथेच जोर लावतात, तो बोनस.

चढच नसेल तर काटकोनात वळणारा चौक बघा. वळणाआधी ब्रेक लागतात, घोळका आवळतो, आणि वळण संपलं की सगळे एकदम पायडलवर उभे राहून वेग पकडतात. पुढच्यांना हे सोपं जातं. शेपटाला मात्र प्रत्येक वळणावर तुटलेलं अंतर भरून काढायला जिवाच्या आकांताने पळावं लागतं. टीव्हीवर हे कधी जाणवत नाही. फक्त वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका, विशेषतः उतारावर किंवा रस्ता ओला असताना. घसरलेली सायकल तिकडेच येते. आतल्या बाजूला, वळणाच्या जरा अलीकडे आणि कडेपासून दोन पावलं मागे राहा.

मोठं वाहतूक बेट आणि त्याच्या कडेला उंचवटा असेल तर सोन्याहून पिवळं. घोळका बेटापाशी दुभंगतो, दोन्ही बाजूंनी वाहतो आणि पलीकडे पुन्हा एक होतो. वरून पाहताना ओढ्यातल्या दगडाची आठवण येते.

उघड्या माळावरचा सपाट रस्ता बहुतेक दिवशी निरस, पण बाजूने जोराचा वारा सुटला तर तोच सगळ्यात नाट्यमय. वारा आडवा असला की आडोसा थेट मागे मिळत नाही, तिरका मिळतो. म्हणून सायकलवाले रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग धरतात. रस्त्याची रुंदी संपली की पुढचा माणूस आडोशाबाहेर पडतो. तिथून घोळका फुटतो आणि अशा तीन-चार तिरक्या फळ्या एकामागून एक येतात.

खाणं देण्याची ठिकाणंही नकाशावर दाखवलेली असतात. तिथे संघांचे मदतनीस खांद्याला अडकवायच्या कापडी पिशव्या हात लांब करून धरतात आणि जाणारा खेळाडू ती चालत्या सायकलवरून उचलतो. पुढच्या काही शे मीटरवर रिकाम्या पिशव्या आणि बाटल्या पडतात. हौशी मंडळी नेमकी तिथे उभी असतात.

आणि समारोपाची रेषा? पहिल्यांदा जाणाऱ्याने तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गर्दी दुपारपासून, लोखंडी अडथळ्यांच्या मागे पाच-सहा रांगा, आणि शेवटची धाव ताशी ६५-७० किलोमीटरने. डोक्यांवरून हेल्मेटांची एक ओळ सरकताना दिसेल, कोण जिंकलं ते शेजाऱ्याच्या फोनवरून कळेल. मोठा पडदा लावला असेल तरच जा.

दोन प्रसंगी मात्र जागेची एवढी चिंता नको. मार्गाचा शेवट गावात फेऱ्यांचा असेल तर तोच घोळका चार-पाच वेळा दिसतो आणि दर फेरीला जागा बदलता येते. आणि वैयक्तिक वेळेची शर्यत असेल, म्हणजे एकेकाला मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने एकट्याने सोडत असतील, तर कुठेही उभे राहा. दिवसभर माणसं येत राहतात.

पिशवीत काय

टोपी, पाणी, खायला काहीतरी, घडीची खुर्ची, अंगावर घ्यायला एक थर. घाटात वर थंडी असते आणि रस्ता उघडेपर्यंत खाली येता येत नाही. छत्री नको, पावसाळी कोट घ्या. फोन भरून घ्या, पण घाटात गर्दी झाली की नेटवर्क बसतं, म्हणून वेळापत्रक कागदावर छापलेलं असू द्या.

कुत्रा घरी ठेवा. २००७ च्या तूरमध्ये मार्कुस बुर्गहार्ट लॅब्राडोरवर आदळला आणि त्याचं पुढचं चाक अक्षरशः दुमडलं. त्याच वर्षी सँडी काझारही कुत्र्याला धडकून पडला. खरचटलेल्या अंगाने उठून त्याने तो टप्पा जिंकला हे खरं, पण दरवेळी असं होत नाही.

कडेला उभं राहण्याची रीत

२६ जून २०२१. तूर द फ्रान्सचा पहिलाच दिवस, ब्रेस्तहून लांदेर्नोला जाणारा टप्पा. शेवटाला सुमारे ४५ किलोमीटर उरले असताना एक बाई पुठ्ठ्याची पाटी धरून रस्त्यात झुकली. पाटीवर आजी-आजोबांसाठी मजकूर होता, आणि तो टीव्हीच्या कॅमेऱ्याला दिसावा म्हणून तिचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं. घोळका मागून आला. टोनी मार्टिन पाटीला धडकला आणि त्याच्यामागे डझनावारी खेळाडू एकमेकांवर कोसळले. पुढे तिला १,२०० युरो दंड झाला.

यातून एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे: शर्यतीकडे पाठ करायची नाही. स्वतःचा फोटो काढायला तर मुळीच नाही.

बाकीच्या धोक्याची मौज अशी, की तो कोणा एकाच्या चुकीने येत नाही. दूरवर गलका झाला की पहिला माणूस बघायला थोडा वाकतो. त्याच्यामुळे दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून तो जरा जास्त वाकतो. तिसरा एक पाय रस्त्यावर ठेवतो. शंभर मीटरच्या रांगेत अशा रीतीने रस्ता मीटरभर अरुंद होतो आणि कोणालाच आपण काही केलंय असं वाटत नाही. इकडे घोळका कडेपासून कडेपर्यंत पूर्ण रुंदी वापरत असतो. तुमच्या बाजूचा शेवटचा माणूस रस्त्याच्या कडेवरून बोटभर अंतराने जातो आणि त्याचं हँडल त्याच्याहूनही बाहेर असतं. म्हणून दोन्ही पावलं पदपथाच्या दगडामागे, आणि घोळका जवळ आला की मान मागे. मुलाचा हात नव्हे, मनगट धरा.

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटाला गुंडाळून ठेवा. २०१८ च्या तूरमध्ये आल्प द्युएझच्या चढावर गर्दीत असाच एक पट्टा विन्चेन्झो निबालीच्या सायकलीत अडकला. मणक्याचं हाड मोडून त्याची शर्यत संपली. त्याच चढावर १९९९ साली जुझेप्पे गुएरिनीच्या थेट समोर एक जण फोटो काढायला उभा राहिला होता. गुएरिनी पडला, उठला आणि टप्पा जिंकला. ऐकायला छान वाटतं. पण तो फोटो कसा आला असेल याचा मी नेहमी विचार करते.

चढावर खेळाडूंच्या बाजूने धावू नका, पाठीला हात लावून ढकलू नका, अंगावर पाणी ओतू नका. ओरडा मात्र हवं तितकं. नाव माहीत असेल तर नावाने.

येताहेत हे कसं ओळखायचं

फोनवरच्या थेट प्रक्षेपणावर विसंबू नका. ते मागे पडतं आणि पडद्यावर शर्यत तुमच्या चौकात पोचेपर्यंत खरी शर्यत पुढच्या गावात असते. हेलिकॉप्टर ऐका. टीव्हीचं हेलिकॉप्टर घोळक्याच्या किंवा आघाडीवाल्यांच्या डोक्यावरच घिरट्या घालतं. आवाज आला की पाणी प्यायचं, खुर्ची मिटायची.

मग वरात सुरू होते. आधी पोलिसांच्या मोटारसायकली, तुकड्या-तुकड्यांनी. मग आयोजकांच्या गाड्या. बऱ्याच शर्यतींत लाल झेंड्याची गाडी दिसते: तिच्यामागे रस्ता शर्यतीचा. आता ओलांडायचं नाही, समोर कोणी ओळखीचं दिसलं तरी नाही.

यानंतर एका मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाच्या हातात फळा दिसेल. हा माझा सगळ्यात आवडता माणूस. फळ्यावर पुढे निसटलेल्यांचे क्रमांक आणि घोळक्यापासूनचं अंतर मिनिटं-सेकंदांत लिहिलेलं असतं. ते वाचलंत की शर्यतीचं गुपित तुमच्या हातात आलं. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने एक जुना ठोकताळा चालतो: शेवटाकडे घोळका दहा किलोमीटरमागे एक मिनिट भरून काढतो. तुमच्या चौकापासून शेवट ४० किलोमीटरवर असेल आणि फळ्यावर तीन मिनिटं असतील, तर निसटलेले बहुधा सापडणार. सहा असतील तर आज त्यांचा दिवस. शेजाऱ्यापाशी हा अंदाज आधीच सांगून टाका. बरोबर निघाला तर गावात नाव होतं.

फळ्यामागून निसटलेली टोळी. चार-पाच जण, आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेणारे. इथे पटकन घड्याळ बघा आणि घोळका येईपर्यंत मोजा. फळ्यावरचं अंतर खरं की जुनं ते तुम्हालाच कळेल. मधल्या वेळात पंचांची गाडी असते, आणि अंतर पुरेसं असेल तर त्या खेळाडूंच्या संघांच्या गाड्याही. रस्ता काही क्षण रिकामा होतो. नवखे लोक नेमके तेव्हाच रस्ता ओलांडतात. ओलांडू नका.

ते सोळा सेकंद

घोळका दिसण्याआधी ऐकू येतो. शेकडो साखळ्यांची एकसुरी घरघर, मध्येच पायडल थांबवलं की चाकांची कट-कट-कट, पुढच्याने खड्डा पाहून मारलेली आरोळी जी मागे-मागे पोचवली जाते. आणि हवा: घोळका समोरून गेला की एक झोत अंगावर येतो, ट्रक गेल्यावर येतो तसा, पण यंत्राच्या गरमीशिवायचा.

सगळं बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही. आधी ठरवून एकच गोष्ट बघा.

पहिल्या खेपेला आघाडीवीराची, म्हणजे आतापर्यंतच्या टप्प्यांच्या एकूण वेळेत पहिला असलेल्याची, जर्सी शोधा. तूरमध्ये ती १९१९ पासून पिवळी, कारण शर्यत भरवणाऱ्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा होता. इटलीच्या जिरोमध्ये १९३१ पासून गुलाबी, कारण तिथलं वर्तमानपत्र गुलाबी कागदावर निघायचं. स्पेनच्या व्हुएल्टात २०१० पासून लाल. इतर शर्यतींचे आपापले रंग असतात, आदल्या दिवशी बघून ठेवा. हा माणूस घोळक्याच्या अगदी पुढे नसतो. पुढे त्याच्या संघाचे चार-पाच जण एकाच रंगात ओळीने असतात आणि तो त्यांच्या मागे आडोशाला. पांढऱ्या जर्सीवर निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा असे आडवे पट्टे दिसले तर तो विश्वविजेता.

पुढच्या वेळी क्रमांक वाचा. पाठीवर दोन्ही बाजूंना असतात. आठ जणांच्या संघाला १ ते ८, ११ ते १८, २१ ते २८ असे क्रमांक मिळतात आणि बहुतेकदा शेवटी १ असलेला संघाचा म्होरक्या असतो. १ क्रमांक सहसा गतविजेत्याला, तो आलेला असेल तर. १३ नंबर मिळालेले खेळाडू दोनपैकी एक कागद उलटा लावतात. अपशकुन टाळायला. एवढं मोजूनमापून चालणाऱ्या खेळात हे टिकून आहे याचं मला बरं वाटतं.

फोन खिशात. फोटो हवाच असेल तर निसटलेल्यांचा काढा, ते थोडे असतात आणि सरळ येतात.

घोळका गेला, घरी जाऊ नका

इथे अर्धी गर्दी पांगते. त्यांना पांगू द्या.

लगेच मागे पंचांची गाडी, डॉक्टर, आणि मग संघांच्या गाड्यांची रांग, प्रत्येकीच्या टपावर सायकली. या गाड्या भयंकर वेगाने येतात आणि दुचाकीपेक्षा त्यांच्यापासून जास्त जपावं लागतं. संघांच्या उत्तम खेळाडूंच्या एकूण स्थानावरून त्यांचा क्रम ठरतो. त्यांच्या मधूनमधून सायकलवाले दिसतील: कोणी पंक्चर काढून परत चाललाय, कोणी जर्सीच्या मागच्या खिशांत आणि मानेत पाच-सहा बाटल्या कोंबून आपल्या म्होरक्यासाठी पाणक्या झालाय. गाडीतून बाटली घेताना हात जरा जास्तच वेळ बाटलीवर राहिला तर हसा. तेवढ्यात गाडी त्याला फुकटचं ओढून घेते. या युक्तीला ‘चिकट बाटली’ म्हणतात आणि पंच थोडी बघून न बघितल्यासारखी करतात.

मग मागे पडलेले. सपाटीवर दोन-चार मिनिटांत संपतात. घाटात मात्र सपाटीवरच्या शेवटच्या धावेत तरबेज असलेली जड मंडळी एकत्र टोळी करून वेळेच्या मर्यादेत पोचायचा हिशेब करत अर्ध्या तासाने येतात. त्यांना बघायला थांबाच. ती विनोद करतात, प्रेक्षकांना उत्तरं देतात. एकूण क्रमवारीतल्या शेवटच्याला तूरमध्ये ‘लाल कंदील’ म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्यावरच्या दिव्यावरून. टाळ्या त्याला पहिल्यापेक्षा कमी पडत नाहीत.

बाटलीचं म्हणाल तर पळत्या घोळक्यातून मागू नका आणि रस्त्यावर पडलेली उचलायला वाकू नका. सगळं संपल्यावर गटारात सापडते. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला अशीच मिळाली होती. झाकणावर दातांच्या खुणा, आत दोन घोट कोमट गोड पाणी. ‘मावशी, हे पिऊ का?’ म्हणाला. नको म्हणाले. आता ती त्याच्या टेबलावर पेन्सिली ठेवायला आहे. एप्रिल २०२१ मध्ये जागतिक सायकल संघटनेने ठरलेल्या पट्ट्याबाहेर बाटली टाकण्यावर बंदी आणली आणि त्याच आठवड्यात बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या शर्यतीत मिखाएल शेर याला प्रेक्षकांकडे बाटली टाकल्याबद्दल बाद केलं. त्याने उघड पत्र लिहिलं: १९९७ साली लहानपणी तूर बघायला गेलो तेव्हा अशीच एक बाटली मिळाली होती, ती माझी सगळ्यात मोठी ठेव होती. काही दिवसांत शिक्षा सौम्य झाली.

सगळ्यात शेवटी येते ती शर्यत सोडणाऱ्यांना उचलणारी झाडूगाडी. तूरमध्ये ती १९१० पासून आहे. तिच्यामागे शेवटची गाडी, पुष्कळदा हिरव्या झेंड्याची. ती गेली की रस्ता तुमचा. उतरा, मधोमध चाला, कोणी खडूने लिहिलेली नावं वाचा, आपला कचरा उचला.

घरी गेल्यावर रात्री शर्यतीचं चित्रमुद्रण लावा. हेलिकॉप्टरमधून आपल्या गावाचं दृश्य येईल, पण समालोचक तेव्हा हमखास दुसऱ्याच कुठल्या तरी वळणाबद्दल बोलत असतात. आपला चढ चार सेकंद दिसतो. मागच्या वेळी मी ते चार सेकंद नऊ वेळा पाहिले. डावीकडून तिसऱ्या झाडाखाली एक पिवळी टोपी आहे, ती माझी.